घर बसल्याचा दाखला

जमिनीवर ठेवलेली प्रत्येक वस्तू कालांतराने थोडी खाली जाते. याला अपवाद एकच, जमिनीचा भाव. जगातला घरांचा सगळा व्यवहार या एका वाक्यावर उभा आहे. आणि उभे असलेले सगळे कधी ना कधी बसते, हे त्याच व्यवहारातले दुसरे वाक्य आहे.

बसणे हे क्रियापद आपल्या भाषेने फार विचार करून घडवले असावे. जम बसला की शेजारी जळतात, धंदा बसला की तेच शेजारी विचारपूस करायला येतात. घडी बसते ती चांगली, आवाज बसतो तो वाईट. विश्वास आणि फटका हे दोन्ही बहुधा एकाच माणसाकडून आणि एकाच भेटीत बसतात, म्हणून भाषेने दोघांत मिळून एकच क्रियापद दिले. काटकसरीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. घर बसले म्हणजे यातले नेमके काय झाले, चांगले की वाईट, एवढा एकच प्रश्न भाषेने मोकळा ठेवला होता. तो पुढे नगरपालिकेच्या पाट्या रंगवणाऱ्याने सोडवला. त्याची किंमत मात्र चष्मेवाल्यांनी मोजली.

चष्मेवाल्यांचे दुकान बोळासारखे लांबट होते. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांची पाटी, मधे गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि मागे पडद्याआड बायको काचा घासायला बसलेली. चष्मेवाले दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचे, "हे बरं की हे बरं?" इतकी वर्षे दुसऱ्यांना निवड करायला लावल्यामुळे त्यांची स्वतःची निवड करण्याची शक्ती खर्च झाली होती. बायकोने घरी विचारले, चहा की कॉफी, तर ते म्हणत, "पहिलं पुन्हा एकदा दाखव."

घर बायकोचे होते. तिचे वडील तिजोऱ्या बनवायचे आणि त्यांनी घरही त्याच हाताने बांधले. पायासाठी त्यांनी चर इतका खोल खणायला लावला की मजुरांनी विचारले, इथे काही पुरलेलं आहे का? म्हातारा म्हणाला, "अजून नाही." मग त्यात दगड घातला, पुन्हा दगड घातला, आणि पैसे संपत आल्यावर वर घर बांधले. त्यामुळे वर जेमतेम दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, आणि खाली जवळजवळ किल्ला, अशी त्या घराची रचना होती. जाताना म्हाताऱ्याने ते घर लेकीच्या नावावर केले, कारण लेकाला तो चांगला ओळखत होता.

हा लेक म्हणजेच चष्मेवाल्यांचा मेहुणा. तो त्या सुमारास दोन धंद्यांच्या मधे होता. (तो कायमच दोन धंद्यांच्या मधे असे. धंदे कोणी पाहिले नव्हते, मधली जागा सगळ्यांनी पाहिली होती.) एका दुपारी तो दुकानात आला आणि म्हणाला, "भाऊजी, काचा घासून कोणी मोठं झालंय का?"

"काचा तुझी बहीण घासते," चष्मेवाले म्हणाले.

"तेच म्हणतो. तिला किती दिवस घासायला लावणार? घरांत पैसा टाका. पण आधी ज्ञान घ्या." आणि त्याने 'गुंतवणूकदारांसाठी घराचे पायाभूत ज्ञान' असे छापलेले एक पत्रक पुढे केले.

पडद्यामागच्या काचा घासायच्या चाकाचा आवाज थांबला. "ज्ञानाची फी किती आहे ते विचारा, आणि त्यातली त्याला किती, तेही विचारा," बायको म्हणाली. चाक पुन्हा सुरू झाले.

वर्ग एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर भरायचा. बसायला खालच्याच खुर्च्या असत, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट, त्यामुळे ज्ञान घेताना कोणी मागे रेलत नसे. शिकवणाऱ्यांना सगळे पायाभूत सर म्हणत. सर देहाने भरदार होते आणि उभ्याने शिकवत नसत. जो स्वतः बसला नाही तो घर बसण्यावर काय बोलणार, असे ते म्हणत, आणि वर्गाला ते पटे.

पहिल्याच तासाला त्यांनी सांगितले, "घर बघायला जाल तेव्हा रंग बघू नका, खिडक्या बघू नका, बायकोला नेऊ नका. पाया बघा."

"पण सर, पाया जमिनीत असतो. दिसत नाही," कोणीतरी म्हणाले.

"म्हणूनच तो बघायला शिकावं लागतं."

सरांची शिकवण्याची हातोटी वादातीत होती. पाये तीन प्रकारचे, हे त्यांनी एका दमात समजावले. भिंतींच्या खालून पट्टीसारखा जातो तो पट्टीचा पाया. घट्ट जमिनीवर चपला घालून चालणाऱ्या माणसासारखा. सगळे घर एकाच जाड लादीवर ठेवतात तो तराफ्याचा पाया. चिखलात फळी टाकून उभे राहणाऱ्या शहाण्यासारखा. आणि जमीन फारच पोकळ असली तर लांब खांब खोल ठोकत थेट खडकापर्यंत नेतात तो खांबांचा पाया. पाण्यात बुडता बुडता तळाला पाय टेकवणाऱ्यासारखा. तिन्ही पाये एकदा माती टाकली की दिसत नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्यांनी कुठल्याही घराला कुठलाही पाया सांगितला तरी उत्तर चुकत नसे. वर्गाचा निकाल नेहमीच चांगला लागायचा.

मग प्रात्यक्षिके. भेगेत नाणे घालून बघणे. दार अर्धे उघडून हात काढून घेणे व त्याचा कल बघणे. भिंतीला कोपऱ्यात नाक लावणे. फरशीवर गोटी ठेवून ती कुठे जाते हे बघणे. घरात शिरताना गुंतवणूकदाराच्या खिशात एक गोटी आणि चेहऱ्यावर दुःख असावे, असा नियम होता. (दुःखाने भाव उतरतो.)

आणि शेवटी आला तो सिद्धांत. सर म्हणाले, "घराच्या वजनानं खालची माती दबते आणि घर थोडं खाली बसतं. सगळीच घरं बसतात. प्रश्न एवढाच की तुम्ही घ्यायच्या आधी की तुम्ही घेतल्यानंतर?"

वर्गाने वह्या काढल्या.

"म्हणून बसलेलं घर घ्या. भेगा पडलेलं घ्या. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं. ज्याला एकही भेग नाही ते घर म्हणजे शिंक आलेला माणूस. आत्ता गप्प दिसतोय इतकंच."

टायपिंगच्या क्लासवाल्या बाईंनी हात वर केला. "सर, काही घरं बसतच नसतील तर?"

"ज्याला आयुष्यात कधी ताप आला नाही असा माणूस पाहिलात?"

"पाहिलाय ना. आमचे काका."

"हल्ली कुठे असतात?"

"वारले."

"बघा," सर म्हणाले. यापुढे शंका उरली नाही.

एवढ्यावर हे प्रकरण वर्गापुरते राहिले असते. पण त्याच आठवड्यात नगरपालिकेने एक नवी सोय केली. जन्माचा, मृत्यूचा, कराचा असा कुठलाही दाखला कचेरीत न येता, घरबसल्या मिळेल, असे ठरले. तशी पाटी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर रंगवायचा हुकूम निघाला. रंगाऱ्याने मोठ्या अक्षरांत काम सुरू केले. पण भिंतीच्या मधोमध गच्चीवरून आलेला पाण्याचा नळ होता. नळावर रंगवण्याचा हुकूम नव्हता. तेव्हा 'घर' नळाच्या अलीकडे राहिले आणि 'बसल्या दाखला मिळेल' पलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पायाभूत सरांचा वर्ग सरकारी इमारतीचा पाया बघायला तिथे आला. सरांनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"घर, बसल्या, दाखला मिळेल," ते हळूच म्हणाले. "आपण वर्गात बोललो आणि सरकारनं ऐकलं."

दुपारपर्यंत खिडकीशी रांग लागली. प्रत्येकाच्या हातात आपापल्या भेगेचा फोटो. खिडकीवरचा कारकून अनुभवी होता. असा दाखला अस्तित्वात नाही, हे त्याला ठाऊक होते. पण तो अस्तित्वात नाही असे लेखी द्यायचे तर त्यासाठी वेगळा नमुना लागतो, आणि तो नमुना अस्तित्वात नव्हता. त्याने अर्ज घेतले. अर्ज साठले म्हणून कपाट आले, कपाट आले म्हणून खोली आली, खोलीला बाहेर नाव हवे म्हणून 'बसणी कक्ष' ही पाटी लागली, आणि कक्ष आहे त्या अर्थी नियम असणारच, असे धरून साहेबांनी ते करवून घेतले. (पुढे कोणीतरी नळ हलवला, शब्द जोडले आणि पाटी दुरुस्त झाली. पण तोवर कक्षात सात माणसे नोकरीत कायम झाली होती, आणि कायम झालेल्या माणसाला काढून टाकण्यापेक्षा शब्दाला जोडून टाकणे केव्हाही सोपे असते.)

नियम सुटसुटीत होते. भेग किमान दोन खोल्यांतून गेलेली असावी. दार आपणहून उघडावे. आपणहून बंद होणाऱ्या दारांचा विचार स्वतंत्रपणे केला जाईल. उंबऱ्याशी सोडलेली गोटी स्वयंपाकघरात मिळावी, आणि ती शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात मिळाल्यास घर विशेष श्रेणीत धरावे. मालकाने 'माझे घर बसले असून ते पुन्हा उठणार नाही' असे शपथेवर लिहून द्यावे. पहिल्या फेरीत तपासलेल्या शंभर घरांपैकी एकशे चार घरे बसलेली निघाली. (चार घरे निरीक्षक आत असताना बसली.)

त्यानंतर रस्त्यावरची हवाच बदलली. वर्तमानपत्रात जाहिराती येऊ लागल्या: 'पूर्ण बसलेले, हवेशीर, भिंतीतूनही हवेशीर.' ज्या गवंड्यांचे काम वर्षाच्या आत तडकायचे त्यांना मान आला आणि आगाऊ पैसे मिळू लागले. जे गवंडी मन लावून काम करायचे ते उपाशी मरू लागले आणि त्यांना लोक म्हणू लागले, वेळीच शिकला असतात तर? नव्या इमारती विकणाऱ्यांनी 'तयार भेग' देणे सुरू केले. पायरीभेग, वीजभेग आणि केसभेग असे तीन नमुने होते, केसभेगेला ज्यादा आकार पडत नसे. टायपिंगवाल्या बाईंच्या घराला छतापासून जमिनीपर्यंत अखंड भेग निघाली. त्या मुळात बोलक्या, पण भेग निघाल्यापासून मोजकेच बोलू लागल्या.

अशा वातावरणात चष्मेवाले एका रविवारी खिशातून गोटी काढून स्वतःच्या घरात पालथे पडले.

गोटी खोलीच्या मधोमध ठेवली. ती तिथेच राहिली. भिंतीशी ठेवली, भिंतीशी राहिली. त्यांनी हलकी फुंकर मारली. गोटी वीतभर गेली आणि सांगितल्यासारखी थांबली. दार अर्धे उघडून सोडले. ते अर्धे उघडेच राहिले. चारही भिंतींना त्यांनी दुकानातले भिंग लावून पाहिले. भेग नव्हती, भेगेचा मागमूस नव्हता. इतक्या वर्षांत हे घर सूतभरही बसलेले नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला.

बायको भाजीची पिशवी घेऊन आत आली. "काय हरवलं?"

"काही नाही."

"मग पालथे का पडलात?"

"गोटी जात नाहीये."

"कुठे जायचंय तिला?"

चष्मेवाले उठून बसले. "अगं, हे घर बसलेलं नाही."

"उभंय की चांगलं."

"तेच तर म्हणतोय."

बायकोने पिशवी खाली ठेवली. पिशवीतला एक बटाटा बाहेर पडला आणि पडला तिथेच थांबला. चष्मेवाल्यांनी तोंड फिरवले.

"बाबांनी बांधलंय हे," ती म्हणाली.

"बाबांना मी दोष देत नाही. त्यांच्या काळी ज्ञान नव्हतं."

त्या दिवसापासून चष्मेवाल्यांची झोप उडाली. डोळे मिटले की छत खाली येई. ते घरात चवड्यांवर चालू लागले, हळू बोलू लागले, पाहुण्यांना एका जागी गर्दी करू देईनात. शिंक आली तर अंगणात जाऊन शिंकत. मेहुण्याने धीर दिला. "भाऊजी, बसत नाही म्हणजे काय? बसवू."

घर बसवणे या शब्दप्रयोगाचा अर्थ पूर्वी संसार मांडणे असा होता. मेहुण्याने तो शब्दशः घेतला. आधी मागच्या कोपऱ्यात पाइप सोडून माती भिजत ठेवली. तिथे भोपळ्याचा वेल आला. मग नातेवाइकांना जेवायला बोलावले, आणि ते वजन बघून. कुळातले वजनदार लोक म्हणजे कोण, हा वाद पहिल्यांदाच काट्यावर मिटला. सगळ्यांना जेवण झाल्यावर पूर्वेच्या भिंतीला ओळीने बसवले.

बायको पाणी घेऊन आली. "सगळे एकाच बाजूला का? भांडण झालंय का कुणाचं?"

"आम्हाला काय ठाऊक?" चष्मेवाल्यांची आत्या म्हणाली. "हा म्हणाला, आत्या, घरासाठी जरा बस. आजवर घरासाठी खपलेय, बसायला पहिल्यांदाच कोणी सांगितलं. मी बसले."

संध्याकाळपर्यंत आत्या बसली. घर बसले नाही.

शेवटी भेगा पाडून देणारा कारागीर बोलावला. तो नमुन्यांची वही आणि छिन्नी घेऊन आला, 'वीजभेग तुमच्या हॉलला खुलेल' म्हणाला, आणि छिन्नीला तीनदा धार लावून परत गेला. प्रयत्न केल्याचे पैसे त्याने घेतले. मग निरीक्षक आले. त्यांनी गोटी सोडली, तिची वाट पाहिली, घड्याळ पाहिले, आणि शेरा लिहिला: 'सदर घर बसण्यास नकार देत आहे.' फाटकावर लाल पाटी लागली, 'धोकादायक. अद्याप न बसलेले.' शेजारणी आपली पोरे हाताला धरून रस्त्याच्या पलीकडून नेऊ लागल्या. बँकेचा मॅनेजर मनाने चांगला होता. तो म्हणाला, "कर्ज कधीही देऊ. आधी बसू तर द्या."

जिथे सगळे हात टेकतात तिथे गुरू हात देतो. पायाभूत सर स्वतः घरी आले. त्यांनी गोटी काढली नाही, भिंग मागितले नाही. कलिंगड ठरवून झाल्यावर माणूस उगाच त्यावर एक टिचकी मारतो, तशी भिंतीवर टिचकी मारली आणि खुर्चीत बसले.

"माझं राहतं घर विशेष श्रेणीतलं आहे," ते म्हणाले. "ते तुम्ही घ्या. हे मी घेतो. अदलाबदल. वर एक पैसा नको."

चष्मेवाल्यांना भरून आले. मेहुण्याने रुमाल काढला.

"सर," बायको म्हणाली, "तुमचं घर इतकं छान बसलंय, तर हे न बसलेलं कशाला गळ्यात घेता?"

"ताई, विद्यार्थ्याच्या डोक्यावर टांगती तलवार असताना गुरूनं स्वस्थ बसावं का?"

"नका बसू. उठा. फाटकापर्यंत सोडायला येते."

"ताई, सर त्याग करतायत," मेहुणा कळवळून म्हणाला.

"दिसतंय मला. तुझा त्याग किती टक्के आहे?"

सर उठले, पण रागावले नाहीत. कागद तयार करून ठेवतो, एवढेच म्हणाले. मोठ्या माणसांचे हेच असते.

तिने सही करायला साफ नकार दिला, आणि तो नकार त्या घराच्या पायाइतकाच खोल होता. पण माणसाखालची माती वेगळी असते. दुकानात तक्रारी येऊ लागल्या. एका गिऱ्हाइकाने नवा चष्मा लावून आठवडाभर विजेच्या खांबाला नमस्कार केला. एकाचा जवळचा नंबर लांबच्या काचेत गेला. मग एके दिवशी एक छोटी मुलगी पहिला चष्मा करायला आली. चष्मेवाल्यांनी नंबर लिहून चिठ्ठी पडद्याआड दिली. बायकोने ती वाचली, मुलीकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिले आणि चाक बंद केले. मुलीला 'उद्या ये गं' म्हणून पाठवले.

"ह्या नंबरानं तिचे आहेत ते डोळेही गेले असते," ती म्हणाली.

चष्मेवाले खुर्चीत बसले होते, गिऱ्हाइकाच्या. "मला दिसतच नाहीये गं नीट. मिटले की छत दिसतं, उघडले की अक्षरं खाली येतात. आपण घरात असू, तू ओट्याशी असशील, आणि ते बसेल. रोज वाटतं, आज."

तिने चिठ्ठीची घडी करून ठेवली. मग हात पुसले.

"बाबांनी पाया पारखून घातला," ती म्हणाली. "जावई घाईत घेतला. कुठे आहेत ते कागद?"

तिने सही केली ती चष्मा न लावता. त्या व्यवहारात तिला जे दिसायचे होते ते चष्म्याशिवायही स्पष्ट दिसत होते.

सरांचे घर म्हणजे सिद्धांताचे मूर्त रूप होते. उंबऱ्याशी सोडलेली गोटी बैठकीतून, स्वयंपाकघरातून आणि शेजाऱ्यांच्या न्हाणीतून जाऊन रस्त्याला लागे. दारे माणूस पाहून उघडत आणि माणूस गेला तरी उघडीच राहत. पूर्वेच्या भेगेतून शेजारीण मीठ मागे. सगळे सामान एकाच कोपऱ्यात जमलेले असे, जणू सभा आहे. बायकोने खाटेचा पाय खिडकीच्या गजाला बांधला आणि एका हाताने भांडे धरून दुसऱ्या हाताने स्वयंपाक करायला ती शिकली. चष्मेवाले मात्र गाढ झोपू लागले. डोळ्यांखालची वर्तुळे गेली, चिठ्ठीवरचे नंबर बरोबर येऊ लागले, आणि त्या छोट्या मुलीचा चष्माही चांगला झाला. ज्याला वाटते की या व्यवहारात चष्मेवाल्यांना काहीच मिळाले नाही, त्याने हे ध्यानात घ्यावे.

घर बसतच राहिले. खिडकीतून आधी लोकांचे चेहरे दिसत, मग छात्या, मग चपला. एका दुपारी दोघे दुकानात असताना त्याने ते काम पुरे केले. आवाज फारसा झाला नाही. खूप दिवस उभा असलेला माणूस खुर्ची मिळाल्यावर सोडतो, तेवढाच उसासा.

मेहुणा सर्वांत आधी दुकानात पोचला. "भाऊजी, अभिनंदन," तो म्हणाला. "आता धोका संपला."

बसणी कक्षाचा अहवाल त्याच आठवड्यात आला. 'सदर घर पूर्णत्वाने बसलेले असून याहून अधिक बसण्यास वाव नाही. दाखला कायम करण्यात येत आहे.' घरपट्टीही कायम राहिली. मालमत्ता होती तिथेच होती. फक्त ती आता उंचीला नव्हती.

आणि ज्ञान कुठे थांबते? पायाभूत सरांनी नवा वर्ग काढला, 'अढळ घर: काळाची गरज.' त्यात ते शिकवतात की भेग हा रोग आहे, गोटी जागची हलता कामा नये, आणि खरा पाया तिजोऱ्या बनवणाऱ्याच्या हातचा. प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांना ते स्वतःच्या घरी नेतात. सगळे फरशीवर गोटीभोवती कोंडाळे करून बसतात आणि ती हलत नाही हे बघून टाळ्या वाजवतात. कोणीतरी जुन्या सिद्धांताची आठवण करून दिली, तेव्हा सर म्हणाले, "मी शिक्षक आहे. धोका पत्करणं हे विद्यार्थ्यांचं काम." त्या घराचा भाव, ऐकणाऱ्याला बसल्या जागी घाम फुटेल, असा झाला आहे.

चष्मेवाले आणि त्यांची बायको आता दुकानातच राहतात. दिवसा वळकटी बाकाखाली सरकवलेली असते. भांडी पडद्याआड, चाकाशेजारी.

ही हकीकत आता बऱ्याच जणांच्या कानावर गेली आहे, त्यामुळे दुकानात वर्दळ वाढली आहे. माणसे येतात, डोळे चुरचुरतात म्हणतात, बाकावर टेकतात. वळकटी पायाला लागते, ती पायानेच अलगद मागे सारतात. मग पाटीवरची अक्षरे वाचता वाचता सहज विचारल्यासारखे विचारतात, "ते सासऱ्यांचं घर कुठेशी आलं हो? सर विकायला काढणार आहेत का? साधारण काय पडेल?" ही दोघे एवढ्या जागेत झोपतात कशी, हे आजवर एकानेही विचारलेले नाही.

तुम्ही तेच विचारणार होता, याबद्दल शंका नाही. पण इथवर येताना त्या घराचा पत्ता कुठेच दिलेला नाही, हेही तुमच्या लक्षात आले आहे. आणि वळकटीच्या आधी आले आहे. संकोच करू नका. चष्मेवाल्यांची बायको कोणालाही परत पाठवत नाही. चाक बंद करते, हात पुसत पडद्याबाहेर येते, तुमच्याकडे नीट निरखून बघते, बाकावर आधीच टेकलेल्या तिघांना थोडे सरकायला सांगते आणि म्हणते, "बसा."